टांटे ट्रूसचा लीडर

टांटे ट्रूसचा फोन आला तेव्हा मी माझ्या लेकीच्या, नेलच्या तोंडातून खेळण्यातल्या लाकडी गाईचं शिंग बाहेर काढत होते.

"रेन्स्का, बोटं रिकामी आहेत का तुझी?"

"नाहीत, टांटे. दोन नेलच्या तोंडात आहेत."

"ती झोपली की रिकामी होतील. शनिवारसाठी माझे लीडर तू बांधायचेस."

"मी?" असं मी म्हटलं आणि तेवढ्यात नेलने चावा घेतला. तिला आता खालचे दात आले आहेत.

आमच्याकडे आत्याला टांटे म्हणतात. टांटे ट्रूस म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गळाला पिसांची खोटी माशी बांधून स्टीलहेड मासे धरण्यात अख्ख्या टेल्क्वा गावात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. म्हणजे, नव्हतं. अलीकडे त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडीतिकडी झाली आहेत, थंडीत कॉफीचा मगही धरायला नाखूश असतात. उजवा खांदा तर बंद पडायलाच आलाय. नोव्हेंबरात ऑपरेशन. त्यानंतर दोन्ही हातांनी फेकायची गळाची लांब काठी पुन्हा फिरवता येईल का, असं विचारलं की डॉक्टर नुसते खांदे उडवतात.

"त्याचे बरे उडतात," असं टांटे म्हणतात.

त्यातून यंदा समुद्रातून मासे फार थोडे वर आले, म्हणून रविवारी दुपारपासून मासेमारीला नदी बंद व्हायची होती. आता रविवारी दुपारपर्यंत म्हणजे आमच्यासाठी शनिवारी संध्याकाळपर्यंतच. रविवारी आमच्यातलं कोणी गळ टाकत नाही. त्या दिवशी चर्च, सूप आणि शेजाऱ्यांची उणीदुणी. तेव्हा टांटेंच्या हाताशी उरला एक शनिवार, आणि त्यांना हवा होता एक मासा.

"मोठाच हवा असं नाही," त्या फोनवर म्हणाल्या. "फोटोबिटो नको. पण नुसता दोरीवर नको, हातात यायला हवा. एकदा हातात धरला की मग त्या डॉक्टरने खांदा काढून खुंटीला टांगला तरी चालेल."

"पांना सांगा ना बांधायला. ते तर रोज गळ बांधतात."

"हार्मला? त्याची बोटं म्हणजे केळ्यांचा घड. शिवाय तो गांडूळवाला. गांडूळवाल्यांना नाजूक काही सांगू नये, त्यांना वाईट वाटतं."

पा म्हणजे माझे सासरे, हार्म. ते तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात बसून पाव खात होते आणि फोनमधला शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता. "तिला सांग," ते ओरडले, "गांडुळाने धरलेला मासा तव्यावर वेगळा लागत नाही!"

"त्याला सांग, स्टीलहेड तव्यावर नेत नाहीत, पाण्यात सोडतात!" पलीकडून उत्तर आलं. मी फोन मध्ये धरून उभी राहिले. त्या दोघांचं असं बराच वेळ चालतं.

मला धसका बसला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. जाड रंगीत दोरी संपते आणि माशी सुरू होते, त्या दोन्हींच्या मधला तो हातभर-दोन हात तंगूस म्हणजे लीडर. लांबून दिसतही नाही. पण मासा सुटला की सगळे आधी त्याच्याकडेच बघतात. वाउटरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या घराण्यात तर सुटलेल्या माशाचा रीतसर पंचनामा होतो. तुटकं टोक काठावर आणतात, चष्मे निघतात. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली, म्हणजे गुन्हेगार गाठ बांधणारा. खरखरीत असेल तर दगडाला घासलं, म्हणजे गुन्हेगार काठी धरणारा. पांची एक गाठ अशी सरकली होती, वाउटर जन्मायच्याही आधी. टांटे ती गोष्ट अजून दर नाताळात काढतात, आणि तो मासा दर वर्षी थोडा वाढतो.

मला त्या गोष्टीत जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर गोष्टीचंही एवढं काही नाही. टांटेंचा तो एकच मासा माझ्या गाठीपायी जावा, हे मला सहन झालं नसतं.

दुपारी नेल झोपल्यावर मी बांधायला बसले. ऑगस्टात आम्ही किंग सॅमनच्या मागे जातो. ते मासे बैलासारखे ओढतात आणि तंगूस दिसला तरी त्यांना काही वाटत नाही, म्हणून तेव्हा जाड वापरायचा. ऑक्टोबरात पाणी निवळतं, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. तेव्हा स्टीलहेडसाठी बारीक, बारा पौंड ओढ सोसेल इतका. बारीक ठेवण्यामागे आणखी एक कारण असतं आणि तेही मला ठाऊक होतं. मी याच नदीवर वाढले आहे, बाहेरून आलेली नाही.

ठाऊक असून मी काय केलं? बाराचं रीळ हातात घेतलं, बोटांवर ताणून बघितलं, आणि ते मला इतकं केविलवाणं वाटलं की खाली ठेवलं. शेजारीच ऑगस्टातलं रीळ होतं, पंचवीस पौंडांचं. रंग तोच, हिरवट. आमच्या घरात कपाटांना खटके आहेत, खुर्च्या टेबलाला बांधलेल्या आहेत, जिन्याला वर एक आणि खाली एक फाटक आहे. वाउटर लाकूडतोडीच्या कॅम्पवरून घरी आला की त्याला साखर सापडत नाही. अशा घरातल्या बाईने आणखी काय केलं असतं? जाडच घेतला. थुंकीने ओला करून, हळूहळू आवळून गाठी बांधल्या. कापलेलं एकेक टोक लगेच खिशात टाकलं, नाहीतर नेल ते शोधून गिळली असती. मनात म्हटलं, जरा जाड दिसेल, पण तुटणार तर नाही.

शनिवारी आम्ही चौघं पांच्या पिकअपमधून पाद्र्याच्या वळणावर गेलो. फार वर्षांपूर्वी एक पाद्री तिथे घसरून पडला होता आणि विजार नदीत घालवून परतला होता, म्हणून ते नाव. वाळूच्या दांड्यावर अस्वलाची ताजी लीद होती, बोरांनी भरलेली. पांनी शेकोटी पेटवली, नेलला मांडीवर घेतलं आणि अस्वलांना कळावं म्हणून मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागले. आमची स्तोत्रं इतक्या संथ चालीत असतात की अस्वल वाट बघून कंटाळून निघून जातं.

टांटेंनी रबरी विजार चढवली, कमरेला पट्टा आवळला, पेपरमिंट तोंडात टाकलं. चर्चमध्ये प्रवचन सुरू होताना टाकतात तसंच. मी बांधलेला लीडर त्यांनी दोरीच्या बुडणाऱ्या टोकाला अडकवला. चष्मा गाडीत राहिला होता म्हणून डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"गाठी सुरेख आहेत," त्या म्हणाल्या.

मला हुश्श झालं. त्यांनी गाठींकडे पाहिलं होतं, जाडीकडे नाही.

त्या पाण्यात उतरल्या. मी काठाने समांतर चालत होते.

"तू कुठे निघालीस?"

"कुठे नाही. पाय मोकळे करतेय."

"तुझे पाय नेमके माझ्याच बाजूने मोकळे होतात का?"

टांटेंना पूर्वीसारखं फेकता येत नव्हतं, पण काठी डावीकडून घेऊन त्या दोरी व्यवस्थित पलीकडे टाकत होत्या. माशी प्रवाहातून कमानीत खाली येऊ द्यायची, मग एक पाऊल पुढे, पुन्हा टाकायची. तसं करत निम्मं वळण झालं. आणि माशी अडकली. मासा नव्हे, पाण्याखालचं लाकूड. तळाशी कुठेतरी जुना ओंडका होता आणि गळ त्यात रुतला होता.

एरवी यात काही विशेष नाही. काठी त्या दिशेला सरळ धरायची, दोरी मुठीत पकडायची, मागे चालायचं. बारीक तंगूस माशीपाशी तटकन् तुटतो. एक माशी गेली, दुसरी बांधायची. टांटे तेच करायला लागल्या. मागे आल्या. दोरी ताणली. तुटेना. आणखी मागे आल्या. दोरी सतारीच्या तारेसारखी वाजायला लागली. तरी तुटेना. त्यांच्या मांड्यांशी पाणी जोरात होतं आणि त्या उलट्या पावलांनी गोट्यांवरून येत होत्या.

"टांटे, सोडा!" मी ओरडले.

"काय सोडू? काठी?"

"सगळंच सोडा!"

"हे तंगूस आहे की गाडी ओढायची साखळी, पोरी?" एवढं त्या म्हणेपर्यंत जाड दोरीच्या टोकाचा फासाच फाटला, ताण एकदम गेला आणि टांटे गुडघाभर पाण्यात मागच्या मागे बसल्या. बसल्या आणि मग आडव्या झाल्या.

मी कपड्यांसकट आत धावले. त्यांच्या काखेत हात घातला तर त्यांनी तो झटकला. "उजवा खांदा नको! डावा धर. आणि किंचाळू नको, मी बुडत नाहीये, मी बसलेय."

काठावरून पा नेलला उंच धरून म्हणाले, "बघ बघ, टांटेची आंघोळ! ट्रूस, शनिवारची आंघोळ घरी करतात ना गं?"

पट्टा होता म्हणून विजारीत पाणी भरलं नाही, पण मानेतून आत शिरून पाठ चिंब झाली होती. शेकोटीपाशी आणल्यावर मी माझी पिशवी उपसली. नेलचे तीन जोड कपडे, डायपर, शिट्टी, अस्वलावर मारायचा फवारा, तापाचं औषध, माझे मोजे, दोन थर्मास. टांटेंच्या अंगाला येईल असं काहीच नाही.

"सगळ्या संकटांची तयारी आहे," टांटे पिशवीत डोकावून म्हणाल्या. "फक्त जे आलं तेवढं राहिलं."

पांनी बोलता बोलता आपला लोकरी स्वेटर काढून बहिणीच्या अंगावर टाकला. टांटेंनी मग दोरीचं टोक मागवलं. पंचनामा. डुकराची शेपटी नव्हती, खरखरीत तंगूस नव्हता, तंगूसच नव्हता. लीडर, बुडणारं टोक, सगळंच ओंडक्यापाशी गेलं होतं.

"गाठ सरकली नाही हो," टांटे म्हणाल्या. "रेन्स्काची गाठ जागची हलली नाही. हलले ती मी." मग माझ्याकडे हात केला. "दुसरा लीडर दे बघू."

मी दिला. त्यांनी तो दातांत धरून चावून पाहिला. नाणं खरं आहे का बघतात तसा.

"हा ऑगस्टातला."

"हो."

"चुकून?"

खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. "नाही," मी म्हटलं. "तुटू नये म्हणून."

पा स्तोत्र थांबवून माझ्याकडे बघायला लागले.  टांटेंना आधी हसू आवरायला हवं होतं. मग म्हणाल्या, "अगं, कुठेतरी तुटायलाच पाहिजे ना गं. माशीपाशी तुटलं तर माशी जाते. वर तुटलं तर दोरी जाते. आणि कुठेच नाही तुटलं तर म्हातारी जाते."

"मला माहीत आहे, टांटे."

"तेच तर. माहीत नसतं तर मी रागावले असते. माहीत असूनही जी पोरगी असं करते तिच्यावर काय रागवायचं? नेलला झोपवताना दोन पांघरुणं घालून वर दगड ठेवतेस का?"

"ट्रूस, तिला कल्पना देऊ नको," पा म्हणाले.

मी म्हटलं, आता घरी जाऊ. ओल्या पाठीने उभं राहणं बरं नाही, न्यूमोनिया झाला तर ऑपरेशनही पुढे जाईल. मी बरंच काही म्हटलं. टांटे वाटाण्याचं सूप पीत ऐकत राहिल्या, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाची सबब ऐकावी तशा. डोंगराच्या कडेला ऊन अजून होतं, पण फार नव्हतं.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता बाराचं रीळ काढ. आहे ना पिशवीत?"

होतं. माझ्या पिशवीत नसतं असं काय असतं?

"गाडीत माझं दुसरं बुडणारं टोक आहे, ते हलकं आहे, चालेल. लीडर किती लांब करशील?"

"दोन हात."

"का?"

"टोक खाली जातं. लीडर लांब ठेवला तर माशी मागे वरच तरंगत राहील, माशांच्या डोक्यावरून जाईल."

"शाबास. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे, हातच घाबरलेत." त्यांनी स्वेटरची बाही नाकाला पुसली. "बांध मग."

पांनी मध्ये तोंड घातलं. "या सगळ्यापेक्षा एक जाडसर गांडूळ..."

"हार्म, तुझं मासे धरणं म्हणजे पेटीत पत्र टाकून उत्तराची वाट बघत बसणं. आम्ही दारावर जाऊन कडी वाजवतो."

"आणि पायरीवरून पडता."

मी बांधत होते. ओल्या बाह्यांमुळे माझीही बोटं गारठली होती. पहिली गाठ वेडीवाकडी बसली, कापली, खिशात टाकली. दुसरी बरी बसली, तरी कापली. तिसरीला टांटे म्हणाल्या, "आता हीसुद्धा कापलीस तर मी तुला अस्वलापुढे ठेवीन," म्हणून ती राहिली. माशी बांधली. ओढून पाहिली, पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा ओढणार तेवढ्यात टांटेंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

मग उठून उभ्या राहिल्या, आणि अट घातली.

"तू इथे बसायचं. नदीकडे पाठ करून."

"का?"

"तुझी नजर माझ्या पाठीला टोचते. एवढ्या थंडीत पाठीला आणखी काही नको. मी हाक मारीपर्यंत वळायचं नाही."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"तर हार्म सांगेल. त्याला त्यात आनंदच वाटतो."

मी खरंच नदीकडे पाठ करून काठावरच्या एका ओंडक्यावर बसले. समोर पांचा ट्रक, त्यामागे पिवळी पडलेली झाडं. मांडीवर नेल. मागे पाण्याचा आवाज, आणि त्यात टांटेंच्या खिळ्यांच्या बुटांची गोट्यांवरची खरखर, मग तीही बंद झाली. म्हणजे त्या आत उतरल्या होत्या. मागे लेकरू असो की म्हातारी, न बघता बसणं हे काय असतं ते मला तेव्हा कळलं. मान आपोआप वळायची, मी हाताने धरून पुढे करायचे.

"पा, किती आत गेल्यात?"

"गुडघ्यापर्यंत." थोड्या वेळाने, "आता गळ्यापर्यंत."

"पा!"

"गंमत केली. मांडीपर्यंत. माशी टाकली. बरी टाकली. एक पाऊल. पुन्हा टाकली. ही मात्र फार वाईट पडली, माझ्या बहिणीची म्हणून नाही सांगत." मग ते नेलला म्हणाले, "बघ, तुझी आई कशी शाळेत शिक्षा झाल्यासारखी बसलीय."

नेलला माझा कान हवा होता. मी दिला.

"ओंडक्याच्या जागेपाशी आली," पा म्हणाले.

"सांगा ना त्यांना, तिथे टाकू नका म्हणावं!"

"मी? ट्रूसला? सांगतो हं, पुढच्या जन्मी."

 मग त्यांनी स्तोत्राची एक ओळ म्हटली, अर्धीच. आणि मागून टांटेंच्या काठीवरच्या जुन्या रिळाचा आवाज आला. आधी कट-कट, मग एकदम कर्रर्र, जसं कोणी पत्र्याचं छप्पर फाडतंय.

"ओंडका?" मी विचारलं. 

"ओंडका पळत नाही, पोरी." पा उभे राहिले होते, आवाज वरून येत होता. "मासा आहे. अरे बापरे. उडाला! मोठा आहे. चांगलाच आहे गं. खाली पळतोय."

"खाली कुठे?"

"खाली म्हणजे खाली, नदी जाते तिकडे. ट्रूस काठाकडे येतेय. पडली... नाही नाही, उभी आहे. वाकली होती."

"पा, मी तुमच्या पाया पडते, नीट सांगा."

"नीटच सांगतोय. तो त्या वाहून आलेल्या झाडांच्या ढिगाकडे निघालाय. आत शिरला तर गेला."

मला सगळं दिसत होतं, पाठीतून. तो ढीग मला ठाऊक आहे. लहानपणी आमचा कुत्रा त्यात अडकला होता. आता टांटेंना दोनच गोष्टी करता येणार होत्या. रीळ मोकळं फिरू द्यायचं, म्हणजे मासा लाकडांत शिरणार. नाहीतर हाताने रीळ दाबून त्याला तिथेच रोखायचं, म्हणजे सगळा भार माझ्या बारा पौंडांवर आणि माझ्या तिसऱ्या गाठीवर.

रिळाचा आवाज बंद झाला.

"दाबलं तिने," पा हळू म्हणाले.

आणि मग गप्प झाले. हा माणूस जेवतानाही गप्प बसत नाही, आणि नेमका तेव्हा गप्प झाला. मी डोळे मिटले. पंचवीसचा असता तर आत्ता काय बिघडलं असतं, असं एकदा मनात आलंच. ते मी खोटं सांगणार नाही. नेल माझा कान ओढत होती. पाणी वाजत होतं. दोरीचा मला आवाज येत नव्हता, आणि तटकन् असाही काही आला नव्हता.

"पा? पा, बोला ना."

"थांब जरा."

"काय झालं? तुटलं?"

"अगं थांब... वळला. वळला, रेन्स्का! तोंड वर केलंय त्याने. येतोय!"

मी नेलचा इतका मोठा मुका घेतला की ती दचकली. मागे रीळ आता आत घेतल्याचा आवाज, थांबून थांबून. मध्येच पुन्हा एक कर्रर्र, पण छोटी. मग टांटेंची हाक आली.

"रेन्स्का! इकडे ये!"

"वळू का?"

"नाही, उलटी चालत ये म्हशीसारखी! वळ, आणि लवकर ये. मला काठी आणि मासा दोन्ही जमत नाहीये."

मी नेलला पांच्या हातात दिलं आणि वळले. टांटे काठापासून थोड्या आत गुडघाभर पाण्यात होत्या. पांचा स्वेटर मांड्यांपर्यंत लोंबत होता, केस गालांना चिकटले होते, काठी डाव्या हातात, कमानीसारखी वाकलेली. उजवा हात पोटाशी धरलेला. खांदा संपला होता, ते लांबूनही कळत होतं. उथळ पाण्यात मादी स्टीलहेड आडवी होत होती, पुन्हा सावरत होती. पाठ करड्या पोलादासारखी, गालावर फिकट गुलाबी झाक, घाईत लावल्यासारखी.

मी पाण्यात शिरले. "मी धरते शेपटी. टांटे, तुम्ही मागे व्हा, तिथे गोटे निसरडे आहेत."

"शेपटी मी धरणार. तू काठी धर."

"तुमची बोटं..."

"बोटं माझी आहेत, मला माहीत आहेत ती कशी आहेत. धर काठी."

मी काठी घेतली. म्हटलं तर घेतली, खरं तर त्यांनी माझ्या छातीवर आदळली. टांटे पाण्यात गुडघे टेकून बसल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने, ओल्या पाठीने, बर्फाच्या चुलतभावासारख्या पाण्यात. मी एक अक्षर बोलले नाही, आणि हे माझ्या आयुष्यातलं मोठं काम होतं. डाव्या हाताने त्यांनी शेपटीचा देठ धरला. निसटला. पुन्हा धरला. बोटं पुरी मिटत नव्हती, म्हणून त्यांनी उजवा हात, तो संपलेला हात, खालून पोटाखाली नुसता ठेवला. मासा त्यावर टेकला.

गळाला मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा नव्हताच. मी वाकून माशी जरा ढिली केली तर आपण होऊन निघाली. आता काही धरून ठेवणारं नव्हतं. तरी मासा गेला नाही. प्रवाहाकडे तोंड करून कल्ले उघडझाप करत राहिला, टांटेंच्या दोन्ही हातांच्या मधे.

"बघ गं," टांटे म्हणाल्या. मला म्हणाल्या की माशाला ते कळलं नाही.

काठावरून पा ओरडले, "झालं का? नाव विचारलंस का तिचं?"

टांटेंनी उत्तर दिलं नाही. मी या घरात आल्यापासून त्यांनी भावाला उत्तर दिलं नाही असं पहिल्यांदाच झालं. मग माशाने अंगाला एक झोका दिला, टांटेंच्या तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामे झाले.

त्यांना उठवायला मला आणि पांना दोघांनाही हात लावावा लागला. नेल पांच्या पाठीवरच्या झोळीत बसून टाळ्या वाजवत होती. ट्रकमध्ये हीटर जोरात लावला. टांटे मध्ये बसल्या, दात कडकड वाजत होते, आणि तरी बोलणं थांबत नव्हतं. दाबल्यावर तो कसा अडला, आपल्याला काय वाटलं, ढीग किती जवळ होता. पा म्हणाले, गांडुळावर आला असता तर एवढी धावपळ झाली नसती. टांटे म्हणाल्या, गांडुळावर आला असता तर मी लाजेने सोडला असता.

नेलने टांटेंचा डावा हात पकडला, एक बोट निवडलं आणि तोंडात घातलं. माशाचा चिकटा अजून वाळलाही नव्हता.

"अगं बाई!" मी ओला कागद पिशवीतून काढला. नेलचं तोंड पुसलं, आतूनही पुसलं, ती रडली तरी पुसलं. मग दुसरा कागद काढून टांटेंच्या हाताकडे वळले.

टांटेंनी हात मागे घेतला.

"हा नाही पुसायचा."

"टांटे, वास येतोय."

"येऊ दे. उद्या चर्चच्या दारात पाद्रीबाबांशी हात मिळवीपर्यंत मी हा धुणार नाही."

"ते काय म्हणतील?"

"तो माणूस मासे धरतो. तो काही म्हणणार नाही. तो विचारेल, कुठल्या वळणावर." त्यांनी तो हात नाकापाशी नेला, डोळे मिटले, आणि तसाच मांडीवर उपडा ठेवला, जरा लांब, माझ्या हाताला लागू नये असा.

मी कागद पुन्हा पिशवीत ठेवला.